पोर कुणाची

दिवाळीनंतरच्या मंगळवारी आईला आक्काच्या केसांत जट सापडली. आक्का दहावीत होती, मी सातवीत. आईने फणी खाली ठेवली, देव्हाऱ्यातला भंडारा आणला आणि त्या जागी लावला. त्या दिवसापासून घरात कुणी आक्काचे केस विंचरले नाहीत.

केस एकमेकांत गुंतून त्यांची बट दोरीसारखी घट्ट झाली की तिला जट म्हणतात. आमच्या भागात समजूत अशी, की जट आपोआप होत नाही, यल्लम्मा देते. जट आलेली मुलगी देवीने मागितलेली असते. तिला माघातल्या पुनवेला यल्लम्माच्या डोंगरावर नेऊन देवीला सोडायचं, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधायची. मग तिचं लग्न नाही, शाळा नाही. परडी घेऊन जोगवा मागत फिरायचं. त्याखेरीज तिच्या वाट्याला काय येतं तेही गावाला माहीत असे. आमच्या गल्लीच्या टोकाला अशीच देवीला सोडलेली एक जोगतीण राहायची. मला आठवते ती म्हातारीच. तिच्या तरुणपणी तिच्या दारात कुणाकुणाच्या सायकली उभ्या असत, हे बायका भांडणात एकमेकींना ऐकवत. आणि मंगळवारी त्याच बायका तिच्या परडीत पीठ घालून तिच्या पाया पडत.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला. बाजारात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू यायची. ऊस, साखर कारखाने हे सगळं कृष्णेकाठी, आमच्याकडे जोंधळा, आणि आधीच्या दोन वर्षांत तोही नव्हता. दुष्काळी कामावर आई आणि आक्का खडी फोडायला जात. घरात पाणी पिण्यापुरतं. डोक्यावरून अंघोळ कधी झाली तर झाली. त्यात भाद्रपदात आक्काला मुदतीचा ताप आला आणि ती महिनाभर अंथरुणाला होती. उशीवर केस घासले जात होते, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. जट कशाने झाली हे मी आता सांगू शकते. तेव्हा सांगता आलं असतं तरी ऐकायला कुणी नव्हतं.

आई वाईट नव्हती. हे लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण अशा गोष्टी वाचणारी माणसं पहिल्यांदा आईवर रागावतात. आक्काच्या आधी तिची दोन मुलं गेली होती. देवीचं देणं तिला दिलं नाही तर देवी दुसरीकडून घेते, असं तिला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. दुसरीकडून म्हणजे मी. मी खोकले तरी ती हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायची.

वडील पलटणीतून पेन्शनवर आलेले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. शेताचं, जनावरांचं, कोर्टकचेरीचं ते बघत आणि देवाधर्माचं आई. ही वाटणी त्यांच्या लग्नापासूनची होती, आणि ती मोडायची कशी हे त्यांना कळत नसावं. आईने आक्काची शाळा बंद केली तेव्हा ते सोप्यात बसून बुटांना पॉलिश करत होते. बूट आधीच चकाकत होते.

शेजारी एक जैन शेतकरी कुटुंब राहायचं. सूर्य मावळायच्या आत त्यांची जेवणं होत, त्यामुळे तिथली काकी दिवेलागणीला मोकळी असायची आणि आमच्या ओट्यावर येऊन बसायची. आई भाकरी थापत असली तर उंबऱ्याच्या अलीकडून बोलायची. एका संध्याकाळी आईने तिला जटेचं सांगितलं. तेव्हा काकी स्वतःच्या थोरल्या भावाचं सांगू लागली. त्याने दीक्षा घेतली तेव्हा ती तिथे होती. साऱ्या समाजासमोर महाराजांनी त्याला विचारलं, त्याने स्वतःच्या तोंडाने दीक्षा मागितली, आणि मग स्वतःच्या हाताने डोक्यावरचे केस उपटले. त्याची आई शेजारी बसून रडत होती, पण तिला कुणी विचारलं नाही, कारण दीक्षा तिची नव्हती.

"तुमच्या देवीनं मागितलंय म्हंता," काकी म्हणाली. "पोरीनं मागितलंय का?"

"ती काय मागणार, काकी. पोर हाय ती."

"मग मोठी हुईस्तवर थांबा की."

आई म्हणाली, तुमचा धर्म वेगळा, आमचा वेगळा. काकीने ते मान्य केलं. वेगळा आहेच, म्हणाली, आणि जोंधळ्याच्या भावाकडे वळली. आक्का कोपऱ्यात भांडी घासत होती. तिचा हात मघाच थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

शाळेत विज्ञानाला साताऱ्याचे एक तरुण सर होते. बेलबॉटम घालणारा गावातला पहिला माणूस तोच. आक्का त्यांची आवडती विद्यार्थिनी. ती येईनाशी झाल्यावर ते घरी आले. कारण कळल्यावर त्यांनी आप्पांना सांगितलं, की मुली देवीला सोडायच्या नाहीत असा कायदा पूर्वीच झालेला आहे. कायदा म्हटल्यावर आप्पा सावरून बसले. मग सर आईकडे वळले. केस धुतले नाहीत की ते गुंततात, यात देवी कुठून आली, असं त्यांनी विचारलं. एवढ्या मोठ्या देवीला पोरींच्या डोक्यात गाठी मारत बसण्यापलीकडे उद्योग नाही का, असंही विचारलं. आई उठून आत गेली.

सरांचं म्हणणं सगळं बरोबर होतं. पण ते आले की आईचं भय वाढायचं, कारण आता तिच्या घरात देवीची चेष्टाही झाली होती. त्यांच्या दुसऱ्या भेटीनंतर तिने बैलगाडी सांगून ठेवली. तिसऱ्या भेटीनंतर हिरवं लुगडं आणलं.

जोगतीण दर मंगळवारी यायची. आक्काच्या जटेला भंडारा लावायची, चहा प्यायची, परडी काखेत मारून जायची. तिची स्वतःची जट कमरेपर्यंत होती आणि ती दोरासारखी खांद्यावरून पुढे घ्यायची. सरांना आमच्या दारात पाहिलं की तिला चेव यायचा.

"मास्तर, तुझ्या कात्रीला धार हाय का रं?" ती विचारायची. "नसली तर माझ्या जटंवर घासून घे."

सरांना हसू आलेलं दिसायचं, पण ते हसायचे नाहीत. अशा बाईशी हसून बोललं तर आपला मुद्दा पडेल असं त्यांना वाटत असावं.

पौष लागल्यावर एका रविवारी दुपारी सर खरोखरच कात्री घेऊन आले. आप्पांशी त्यांचं आधी बोलणं झालं होतं. एक डाव होऊन जाऊ दे, मग बघू, असं आप्पा म्हणाले होते. आक्काला सोप्यात पाटावर बसवलं. आई मला धरून माजघराच्या दारात बसली. ती रडत नव्हती. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. सरांनी आक्काच्या डोक्यावरचा पदर बाजूला केला आणि जट हातात धरली. आक्काने वर हात करून त्यांचं मनगट धरलं.

"सर, कात्री ठेवा."

"घाबरू नकोस. काही होत नाही."

"मी भीत न्हाई. तुमी मला इचारलंच न्हाई."

"अगं, तुझ्यासाठीच तर हे चाललंय सगळं."

"आईबी त्येच म्हंती," आक्का म्हणाली.

आप्पा खाली बघून हसले. सर तसेच उभे राहिले, कात्री उघडी. मग त्यांनी विचारलं, तुला पाहिजे तरी काय? आक्का म्हणाली, मॅट्रिक व्हायचंय. आणि जटेचं? जटेचं माझं मी बघेन. सरांनी कात्री रुमालात गुंडाळली. शाळेत त्यांनी दुसऱ्या शिक्षकांना सांगितलं, की इतकी हुशार मुलगी, पण रक्तातली भीती जात नाही. ते आमच्या कानावर आलं. आईने मात्र त्या रविवारीच देवीला नारळ फोडला. पोरगी आपल्या बाजूची झाली असं तिला वाटलं.

ती कुणाच्याच बाजूची झाली नव्हती, हे मला त्या आठवड्यात कळलं. आक्का मला घेऊन जोगतिणीकडे गेली. म्हातारी अंगणात उन्हाला बसून देवीचा पितळी मुखवटा चिंचेने घासत होती. आक्का तिच्यासमोर बसली, तिच्या हातातली चिंच घेतली, स्वतः घासू लागली, आणि घासता घासता विचारलं, "आज्जे, तुला सोडलं तवा तुला इचारलं हुतं का गं?"

म्हातारी हसली. तिला दात कमी होते. "इचारलं हुतं की. रीत हाय ती. 'पोर कुणाची' म्हणून तीनदा इचारत्यात आन् आई म्हंती, यल्लम्माची. मी आईच्या कडंवर हुते. माझ्या हातात गुळाचा खडा दिला हुता. सगळी माझ्याकडं बघत हुती आन् मी गूळ खात हुते."

"आन् पोर सोता बोलली तर?"

"काय बोलणार?"

"न्हाई म्हणाली तर?"

जोगतिणीने मुखवटा आमच्याकडून परत घेतला आणि पदराने पुसला. बराच वेळ पुसत राहिली. असं कधी झालं नाही, एवढंच म्हणाली. आम्ही उठलो तेव्हा तिने मला गूळ दिला. मी तो खाल्ला नाही, वाटेत मुंग्यांना टाकला. आता वाटतं, खायला हरकत नव्हती. तिच्या मनात काही नव्हतं.

माघ आला. डोंगराकडे गाड्या निघण्याआधी गावातल्या देवीच्या देवळात माळ पुजायची आणि तो प्रश्न विचारायचा, मग ती माळ डोंगरावर बांधायची, अशी आमच्या गावची रीत होती. देवळासमोर गाड्या जुंपलेल्या. चौंडकं वाजत होतं. आक्काने हिरवं लुगडं नेसलं होतं, हातभर हिरव्या बांगड्या, डोक्यापासून खांद्यापर्यंत भंडारा. बायका म्हणत होत्या, लय गोड दिसती पोर. सर नव्हते. त्यांनी तालुक्याला जाऊन तक्रार दिली होती आणि तिथे बसून राहिले होते, असं नंतर कळलं. तिथून कुणी आलं नाही.

जोगतिणीने माळ परडीत ठेवली. परडी देवीच्या पायाला लावली. मग वळून मोठ्याने विचारलं, "पोर कुणाची?"

आईने तोंड उघडलं. पण आक्का आधी बोलली.

"आज्जे, माझं मी सांगते. जट ऱ्हाऊ दे. मंगळवारी भंडारा लावीन, दारात जोगवा आला तर पीठ घालीन. पर मला सोडू नगा. मला सोडून घ्यायचं न्हाई."

ती ओरडली नाही. वर्गात उत्तर द्यावं तशी बोलली. चौंडकंवाल्याचा हात थांबला, त्यामुळे ते शब्द मागच्या माणसांपर्यंतही गेले. कुणी तरी हसलं, कुणी तरी त्याला गप्प केलं. गावचे पाटील देवळाच्या पायरीवर होते. ते म्हणाले, पोरीला काय कळतंय, पुजा माळ आणि चला, उन्हं चढायच्या आत निघायला पाहिजे.

जोगतीण जागची हलली नाही. आक्काकडे बघत होती. मग पाटलांकडे बघून म्हणाली, "आवं पाटील, मला शिकवलंय तसं मी करती. आदी इचारायचं, मग बांधायचं. पोर न्हाई म्हणाल्यावर काय करायचं, त्ये मला कुणी शिकवलं न्हाई."

"मग परत इचार."

"तुमीच इचारा. आन् माळबी तुमीच बांधा."

माळ जोगतिणीखेरीज कुणी बांधायची नसते. पाटलांना ते माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तीनदा विचारायचा प्रश्न त्या दिवशी एकदाच विचारला गेला. म्हातारीने परडीवर पदर टाकला आणि देवळाच्या मागे जाऊन बसली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. मग आप्पा गर्दीतून पुढे आले, आक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि पलटणीतल्यासारखं "चलो" म्हणाले. आम्ही तिघं घरी आलो. आई देवीच्या पायावर डोकं ठेवून तिथेच राहिली, ती दुपार टळल्यावर आली. आल्यावर तिने पहिल्यांदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

फाल्गुनात मला सर्दी झाली. आईने अन्न सोडलं. सर्दी बरी झाली. त्यानंतर हळूहळू ती आक्काशी बोलू लागली.

गाव बरेच दिवस बोलत राहिलं. आक्का परत शाळेत जाऊ लागली तेव्हा पोरं तिला जटायू म्हणत. काही घरांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. एका वर्षी पाऊस लांबला तेव्हा आमच्या दारावरून जाताना कुणी तरी ऐकू येईल असं बोललं, की देवीला नाही म्हणणारी माणसं गावात असल्यावर दुसरं काय होणार. आप्पा बुटांना पॉलिश करत होते. ते करत राहिले.

आक्का मॅट्रिक झाली आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी साताऱ्याला गेली. तिथल्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, जट काढ, नाहीतर खोली सोड. इतर मुलींना उवा होतील. सर तोवर बदली होऊन साताऱ्यालाच आले होते. आक्का त्यांच्याकडे गेली. हे सगळं मला तिने नंतर, हसत सांगितलं. सरांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "अजून आहेच का ती?" मग तिचं ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि तिच्याबरोबर वसतिगृहावर आले. त्यांनी बाईंना सांगितलं, की नियम स्वच्छतेचा आहे ना, मग डोकं तपासा. ती दर रविवारी शिकेकाईने धुते. बाईंना नवल वाटलं. तुम्ही तर अंधश्रद्धेवर भाषणं देता ना, त्यांनी विचारलं.

"देतो. पुढेही देणार आहे," सर म्हणाले. "पण कात्री मी एकदा उचलून पाहिली आहे. ही नको म्हणाली होती."

बाईंनी डोकं तपासलं आणि पदर घेऊन राहायच्या अटीवर खोली दिली. जाताना सरांनी आक्काला जिन्यात थांबवलं आणि म्हणाले, काढून टाक गं ती. आक्का म्हणाली, बघू. हा संवाद त्यांच्यात पुढे आयुष्यभर चालला. दर दिवाळीला ते फराळाला यायचे, तिच्या डोक्याकडे बघायचे, आणि ती त्यांच्यापुढे चकलीची ताटली सरकवायची.

मलाही ते कोडं होतं. ज्या देवीला ती नाही म्हणाली, तिची खूण डोक्यावर का वागवायची? ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी ती सुट्टीला आली असताना मी तिला विचारलं. आई ओट्यावर झोपली होती. आक्काने तिच्याकडे हनुवटीने दाखवलं.

"जट हाय म्हणून तिला झोप लागती," ती म्हणाली.

पुढे आई गेली. मला वाटलं आता ती काढेल. सरांनाही वाटलं. तिने काढली नाही. "आता कुणासाठी काढू?" म्हणाली. नोकरीत ती आमच्याच तालुक्यात राहिली. आसपासच्या गावात एखाद्या मुलीला जट आली की तिच्याकडे निरोप यायचा. ती जायची, त्या मुलीच्या आईशेजारी बसायची, आणि बोलता बोलता डोक्यावरचा पदर खाली घ्यायची. जट बघितली की बाया ऐकायच्या. सरांचं ऐकलं नसतं, माझंही नाही. पण ती आधी मुलीशी बोलायची, एकटीशी. काही मुलींनी जट काढून मागितली. ती तेल लावून, दिवसभर बसून सोडवायची, कात्री लागली तर मुलीच्याच हातात द्यायची. काहींनी ठेवली. ठेवलेल्यांनाही ती शाळेत बसवायची. एकदा ती निवडणुकीच्या कामावर परगावी होती तेव्हा एका मुलीला डोंगरावर नेलं. त्या मुलीबद्दल ती कधी बोलली नाही. त्या गावाला मात्र तिने नंतर बदली मागून घेतली.

आम्ही दोघी शेवटपर्यंत मिरजेला एका घरात राहिलो. आक्का गेली तेव्हा बायकांनी मला विचारलं, जटेचं काय करायचं. काहींचं म्हणणं, काढून कृष्णेत सोडावी. काहींचं, तशीच राहू द्यावी. मी म्हणाले, तिने काही सांगितलेलं नाही, तेव्हा हात लावू नका. ती तशीच गेली.

सर आता फार थकले आहेत, पण या दिवाळीला त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. चकली त्यांना चावत नाही. थोडा वेळ बसले, आणि गेले.

घरात मी आहे. आरशाखाली तिची लाकडी फणी आहे. देव्हाऱ्यात यल्लम्मा आहे. मंगळवारी तिला भंडारा मी वाहते. मला तसं कुणी सांगितलेलं नाही.